जांगडचे दोन कॅमेरे

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये हरेशचं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे जीन्स शिवणाऱ्या दोन कारखान्यांच्या मधली चिंचोळी जागा. आत शिरायचं तर आधीचं गिऱ्हाईक बाहेर यावं लागतं. पण त्या चिंचोळ्या जागेत बसून कुठलीही लेन्स मागा, हरेश "बैठो ताई" म्हणून चहा मागवतो आणि चहा संपायच्या आत लेन्स हजर करतो. कुठून करतो हे मी कधी विचारत नाही.

मी खेळांचे फोटो काढते. आनंदनगर एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या क्रिकेट टुर्नामेंट, अंबरनाथची कबड्डी, शाळांच्या शर्यती, जे मिळेल ते. "लग्नं का नाही घेत, राजसी? पैसा तिकडे आहे," असं म्हणणाऱ्यांशी भांडून मी थकले. लग्नात पुढे काय होणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, भटजींना तर मिनिटासकट. मैदानावर कुणालाच ठाऊक नसतं. मला तेच आवडतं.

तर माझा जुना कॅमेरा एका कबड्डीच्या सामन्यात कायमचा आडवा झाला आणि मी हरेशकडे जाऊन बसले. त्याने काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले.

पहिला आरशाचा. वापरलेला, पण त्या कंपनीचा एके काळचा सगळ्यात वरचा. हातात घेतला की मनगटाला वजन कळतं. बटण दाबलं की आतला आरसा वर उडतो आणि खटाक्‌ आवाज होतो. बोट दाबून धरलं की खटाखटाखट असा सपाटा लागतो. फोटो निघाल्याचं कानाला कळतं, हाताला कळतं, शेजारच्यालाही कळतं. मला असं कळवून काम करणारं यंत्र आवडतं.

दुसरा नवा, बिनआरशाचा. यात काही हलतच नाही, त्यामुळे आवाजही नाही. एका सेकंदात शंभरावर फोटो काढतो आणि हूं की चूं करत नाही. शिवाय समोरच्या माणसाचा डोळा स्वतःच शोधून काढतो.

"ताई, ये आँख पकडता है," हरेश म्हणाला. "एकदा पकडली ना, सोडत नाय. ट्राय तो करो."

मी समोरच्या कारखान्यात मशीनवर बसलेल्या कारागिरावर कॅमेरा रोखला. एक छोटा हिरवा चौकोन उडी मारून त्याच्या डोळ्यावर बसला. कारागीर खाली वाकला, चौकोन खाली गेला. त्याने मान फिरवली, चौकोन दुसऱ्या डोळ्यावर. मी बघतच राहिले. ज्या एका गोष्टीसाठी मी उभी हयात घाम गाळला, ती हे डबडं बसल्या जागी करत होतं. कौतुक वाटलं आणि रागही आला. आणि खरं सांगायचं तर विश्वास बसला नाही. आवाज नाही म्हणजे फोटो निघाला की नाही कुणास ठाऊक!

"हरेश, मला ठरवता येत नाही."

"तो दोनों जांगड ले जाव ना. मॅच में चलाव, जो जमला तो रखो, दुसरा रिटर्न."

जांगड म्हणजे पसंतीवर नेलेला माल. आवडला तर ठेवायचा, नाही तर जसाच्या तसा आणून द्यायचा. कॅम्पातले लोक कापडाचे तागेसुद्धा असेच देतात. कॅमेरे कुणी देत नाही, पण हरेश मला देतो. मी दोन्ही गळ्यात अडकवून शेअर रिक्षात बसले, मांडीवर दोन्ही हातांनी घट्ट धरून.

त्याच संध्याकाळी रंजनाचा फोन आला. रंजना माझी कॉलेजातली मैत्रीण. बदलापुरात दृष्टिहीन मुलींच्या क्रिकेट टीमची ती कोच आहे आणि तिचा आवाज असा आहे की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

"रविवारी कात्रपला, शाळेच्या मैदानावर मॅच आहे. तू येतेयस. नवसीचा फोटो हवाय."

नवसी तिची नवी बॅटर. बारवी धरणापलीकडच्या एका वाडीतली, जन्मापासून न दिसणारी. वर्षभरापूर्वी रंजनाने तिला बदलापूरच्या हॉस्टेलवर आणलं. सणाला पोरगी घरी गेली ती ओठ सुजवून, कारण सरावात बॉल तोंडावर आला होता. तेव्हापासून तिच्या बापाने, गोमाकाकाने, एकच धोशा लावला होता: पोरीला घरी नेतो.

"रविवारी तो येतोय," रंजना म्हणाली. "मॅच संपली की तिला कायमची घेऊन जायला. मी म्हटलं, एकदा खेळताना बघा तरी. म्हणतो, मला बघवत नाही. आता याला काय करू? राजसी, मला तिचा असा एक फोटो दे, की तो बघून हा माणूस नाही म्हणूच शकणार नाही."

"एका फोटोने काय होणार?"

"दुसरं काही राहिलंच नाहीये," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मला हळू वाटला.

रविवारी मी मैदानावर पोचले तेव्हा गोमाकाका आधीच आला होता. शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली, सावलीत, मैदानाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलेला. वाळका, उंच माणूस. गुडघ्यावर स्वच्छ धुतलेली पिशवी, बहुतेक पोरीचे कपडे भरायला आणलेली. मी त्याच्या शेजारीच जागा पकडली, कारण तिथून बॅटरचा चेहरा समोर येत होता.

नवसी बॅटिंगला आली. हेल्मेट नाही, डोळ्यांवर काळी पट्टी. ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांनासुद्धा ही पट्टी बांधतात, म्हणजे कुणी शंका काढायला नको. तिने बॅटने स्टंप चाचपले, पाय रोवले आणि मान थोडी तिरकी करून थांबली.

मी सवयीने आरशाचा कॅमेरा उचलला आणि दोरीच्या आत सरकले. नव्या यंत्रावर एवढ्या मोठ्या कामाचा भरवसा कोण टाकणार?

बॉलर ओरडली, "रेडी?"

"येस!" नवसी म्हणाली.

"प्ले!"

बॉलरने हात खालून फिरवून बॉल टाकला आणि मी बटण दाबून धरलं. खटाखटाखटाखट! नवसीची बॅट फिरली, पण हवेत. बॉल तिच्या पायाजवळून मागे गेला आणि स्टंपला चाटता चाटता राहिला.

नवसीने हात वर केला. "सर, तिकडं कायतरी वाजतंय. मना बॉलच नाय आयकू आला."

अख्खं मैदान माझ्याकडे वळलं. ज्यांना दिसत होतं त्यांनी डोळे वळवले, ज्यांना नव्हतं त्यांनी कान. आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मैदानावर टाचणी पडेल तरी ऐकू येईल अशी शांतता आहे. आमच्या एमआयडीसीच्या टुर्नामेंटमध्ये एका खांबावर कॉमेंट्रीवाला किंचाळत असतो आणि दुसऱ्या खांबावर डीजे. तिथे कॅमेऱ्याचा आवाज माझा मलासुद्धा येत नाही. इतकी वर्षं मैदानावर वावरून खेळाला कान लागतात हे मला सुचलंच नव्हतं.

रंजना तरातरा आली. "अक्कल गहाण ठेवून आलीस का? त्या बॉलमध्ये छर्रे असतात! छर्रे वाजतात, त्यावर ती खेळते! तू तिच्या डोळ्यांत धूळ टाकलीस!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिचा फोटो काढून द्यायला आले होते, तिचीच विकेट काढायला निघाले होते. भलं होवो अंपायरचं. त्याने तो बॉल रद्द धरला आणि मला हाताने दूर, परत दोरीबाहेर टाकीपाशी सरकवलं. गोमाकाका भिंतीकडे बघतच म्हणाला, "लागला काय पोरीला?"

"नाही, काका. चूक माझी होती."

आता आरशाचा गळ्यात सोडून दिला आणि नवा हातात घेतला. हिरवा चौकोन आला. नवसीच्या तोंडावरून भिरभिरला, डोळा शोधू लागला. पट्टीमागे डोळा कुठला सापडायला! चौकोनाने टुणकन उडी मारली ती विकेटकीपरच्या डोळ्यावर. तिथून अंपायरच्या. मी परत नवसीवर आणला, तो परत पळाला. जगातलं सगळ्यात हुशार यंत्र, आणि मैदानावरच्या मुख्य माणसाला सोडून बाकी सगळ्यांना बघत होतं. मला हसू आलं आणि चीडही आली. मी त्याची ती डोळेशोधणी बंदच करून टाकली. चौकोन स्वतःच्या हाताने हलवला आणि नवसीच्या उजव्या कानावर ठेवला.

"रेडी?" "येस!" "प्ले!"

बोट दाबलं. काहीच आवाज नाही. बॉल जमिनीवर टप्पे घेत आला आणि नवसीने गुडघा टेकून बॅट आडवी फिरवली. ठाक्‌! बॉल छर्रे वाजवत लेगला गेला.

मी मागचा पडदा बघितला.

एका सेकंदाचे शंभर तुकडे माझ्या हातात होते. पहिल्या फोटोंत नवसी नुसती उभी. बॉल हातातून सुटतो, तशी तिची हनुवटी खाली येते. बॉलचा पहिला टप्पा पडतो, आणि कान पुढे येतो. चेहरा नाही, कान. दुसऱ्या टप्प्याला गुडघा वाकायला लागलेला असतो. बॅट बॉलला लागते त्या फोटोत तिचं तोंड पार दुसरीकडे, शाळेच्या फाटकाकडे आहे आणि कान नेमका बॉलच्या रेषेत. मी आजवर हजारो बॅटर टिपले. सगळे बॉलकडे डोळे फाडून बघतात, आणि त्यातले निम्मे तरीही चुकतात. ही पोरगी बॉलकडे बघत नव्हती, ती त्याला आपल्याकडे येऊ देत होती. माणसाच्या शरीरात एवढं काही असतं, आणि आपण डोळे उघडे ठेवून ते वापरतच नाही!

"लागला?" गोमाकाकाने विचारलं. पाठ तशीच.

"नाही हो, मारला तिने!"

"खोटां."

मी कॅमेरा त्याच्या तोंडासमोर नेऊन पडदा दाखवला. एकेक फोटो पुढे सरकवला. तो आधी नीट बघेना, मग बघायला लागला. त्याचं बोट पडद्याजवळ आलं, पण टेकवलं नाही.

"ही माजी नवशी?"

"तुमचीच."

पुढचा बॉल पडला, आणि ठाक्‌ ऐकताच त्याने हात पुढे केला. "दाव."

मी दाखवला. मग तसंच चालू झालं. बॉल पडायचा, तो डोळे मिटून भिंतीकडे तोंड करायचा, आवाज थांबला की म्हणायचा, "दाव." फोटोतली नवसी तो टक लावून बघायचा, पण खरी नवसी पन्नास पावलांवर होती तिकडे मान वळवत नव्हता.

"काका, मैदानाकडे का नाही बघत?"

"फोटोत बरा," तो म्हणाला. "फोटोत जा झाला ता झाला. त्यात बॉल आता लागनार नाय."

मला तो माणूस एकदम फार आवडला.

मग एक बॉल नवसीच्या नडगीवर बसला. फट्‌ असा आवाज झाला आणि गोमाकाका ताडकन उठला. पिशवी काखेत मारली. "पुरे झाला. चल, घेऊन जातो." मी त्याची बाही धरली. शेवटचा फोटो त्याच्यापुढे धरला: नवसी एका पायावर उभी, नडगी चोळतेय आणि तोंडभर हसतेय. तो बघत राहिला. बसला खरा, पण पिशवी काखेतून काढली नाही. "ह्या खेल संपला, का घरी," तो म्हणाला. "ताय, तुजा फोटो झ्याक हाय. पन फोटो बघून बाप निजत नसतो."

माझा धीर सुटला. रंजनाला हवा होता तो फोटो मी काढला होता. एक सोडून शेकडो काढले होते. त्याने सगळे बघितले होते आणि तरी पिशवी काखेतच होती.

शेवटची ओव्हर आली. नवसी समोर. बॉलर मागे गेली. मी कॅमेरा उचलला, कानावर चौकोन ठेवला, आणि कोपऱ्यात लाल अक्षरं चमकली. कार्ड भरलं! सेकंदाला शंभराच्या वेगाने मी वेड्यासारखी बोट दाबून धरत होते, नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखी. भरणार नाही तर काय होणार? पुसत बसायला वेळ नव्हता. आरशाच्या कॅमेऱ्याचं कार्ड वेगळ्या आकाराचं, ते यात बसत नाही.

गळ्यात आरशाचा लटकत होता. भरलेली बॅटरी, रिकामं कार्ड. मी तो डोळ्याला लावला, बोट बटणावर गेलं. इथून दाबलं तर जन्मात एकदा मिळतो तसा फोटो मिळाला असता, आणि त्या खटाखटाटात नवसीला बॉल हरवला असता. बॅट लागल्यावर दाबायचं तर जे दाखवायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं. बॉल येतो आणि ती ऐकते, तेवढंच तर दाखवायचं होतं.

"काढतेस ना?" गोमाकाकाने विचारलं.

मी बोट काढून घेतलं. दोन्ही कॅमेरे गळ्यात सोडून दिले.

"आता फोटो नाही, काका. कॅमेरा भरला."

"मंग मी काय बघू?"

"तिकडे बघा."

"मना नाय बघवत."

"मग नका बघू. पण हा बॉल नंतर कुणीच तुम्हाला दाखवू शकणार नाही."

मी जरा रागानेच बोलले, आणि पुढे बघायला लागले. कित्येक वर्षांत मैदान असं नुसत्या डोळ्यांनी बघितलं नव्हतं. ते केवढं तरी मोठं वाटलं.

"रेडी?"

"येस!"

"प्ले!"

बॉल आला. या वेळी मला छर्रे ऐकू आले, मूठभर तांदूळ डब्यात हलवावेत तसे, बारीक आणि स्पष्ट. अख्खं मैदान श्वास रोखून होतं. नवसीची हनुवटी खाली आली, कान पुढे झाला, गुडघा टेकला. ठाक्‌! बॉल जमिनीवरून आमच्याच दिशेने सुटला, दोरीवरून गेला, आमच्या मधून भिंतीवर आदळला आणि छर्र करत थांबला. चौकार! ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्या धावा या खेळात दुप्पट धरतात, म्हणून अंपायरने आठ दिले.

मी वळले. गोमाकाका उभा होता, तोंड मैदानाकडे. पिशवी खाली पडलेली.

"दिसला तिला!" तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"नाही दिसला, काका."

"मंग?"

"ऐकला."

तो बराच वेळ पोरीकडे बघत राहिला. पट्टी बांधलेली, घामाने निथळलेली त्याची मुलगी बॅट टेकून पुढच्या बॉलसाठी मान तिरकी करून उभी होती. तो खाली बसला नाही. ओव्हर संपेपर्यंत त्याने डोळ्याची पापणी लवू दिली नाही, आणि मी त्याच्या शेजारी उभी राहून तेच केलं. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू?

मॅच नवसीची टीम हरली. अगदी थोडक्यात, पण हरली.

मुली पॅड सोडत होत्या तेव्हा हरेशचा फोन आला. "ताई, कौनसा पसंत?"

"बिनआवाजाचा. आरशाचा उद्या आणून देते."

"देखा, आँख पकडता है ना!"

"डोळा नाही रे पकडला. ती डोळेशोधणी मी बंद करून टाकली. पण हा कॅमेरा घेऊन मला पोरीचा खेळ न मोडता उभं राहता येतं."

"हाँ?" हरेश म्हणाला. त्याला काही कळलं नाही. उद्या चहा पिताना सांगेन असं म्हणून मी फोन ठेवला.

रंजनाचा हात धरून नवसी टाकीखाली आली. पट्टी कपाळावर सरकवली होती. रंजनाने येता येता तिला सगळं सांगितलं असावं. "बा, तू भिताडाकडं तोंड करून बसलास ना?"

"शेवटला पायला मी."

"खोटां बोलतोस. ताईच्या फोटोत पायलास."

"त्याचा फोटो नाय," गोमाकाका म्हणाला. "तू मान वाकडी केलीस, कोंबडी दाना आयकते तशी. मंग गुडगा टेकलास. नि बॉल ह्या ताईच्या नि माज्या मधून गेला, भिताडावर वाजला. मी पायला."

नवसी हसता हसता थांबली. तिने हात पुढे करून बापाचा खांदा चाचपला, मग गाल. गाल ओला होता.

गोमाकाकाने खाली पडलेली पिशवी उचलली, झटकली आणि रिकामीच घडी करून खिशात कोंबली. मग रंजनाकडे वळला.

"बाय, पुढला खेल कवा हाय?"

रंजनाच्या आधी नवसीच बोलली. "येत्या ऐतवारी, बा. सकाली ये."